विषय क्रमांक सात

आमच्या गावची नगरपरिषद 'क' वर्गातली. १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाने चाळीस हजारांपर्यंतच्या वस्तीला हा वर्ग दिला आहे. एक उंच टाकी, एक भाजी मंडई, थोड्या घंटागाड्या, बाजारतळावरचे गाळे, स्मशानभूमीची शेड, आणि मार्च जवळ आला की दारोदार फिरणारं वसुली पथक. हा सगळा पसारा ज्या कचेरीतून चालतो तिथे शेजारच्या मामांनी तेहतीस वर्षं नोकरी केली. कारकून म्हणून लागले, कर निरीक्षक म्हणून निवृत्त झाले. त्यांची भाची डिसेंबर २०२५ च्या निवडणुकीत नगरसेविका झाली.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी संध्याकाळी ती सर्वसाधारण सभेचा अजेंडा घेऊन मामांच्या ओसरीवर आली. मी तिथेच बसलो होतो. सभा मंगळवारी. सातवा विषय असा लिहिलेला होता : 'पाणीपट्टीच्या दरात वाढ करणे व नळजोडण्यांना मीटर बसविणे याबाबत विचारविनिमय करून निर्णय घेणे.' त्या एका ओळीवर दोघं दोन तास बोलली. दोघांची मतं दोन टोकांची, आणि गावाबद्दलची कळकळ सारखीच. म्हणून ते बोलणं इथे मांडतो आहे.

भाची : मामा, मी सातव्या विषयाला विरोध करणार. प्रचारात घरोघर सांगितलंय, पाणीपट्टी वाढू देणार नाही म्हणून. निवडून येऊन दोन महिने झाले नाहीत आणि पहिला हात वाढीसाठी वर करू?

मामा : विरोध कर, तो तुझा हक्क आहे. पण विषयाची टिपणी वाचलीस का? अजेंड्यावर एक ओळ असते. खरा विषय टिपणीत असतो, आणि ती कचेरीत जाऊन मागावी लागते.

भाची : मागितली, वाचली. प्रस्ताव प्रशासकांच्या काळात, सभागृहात नगरसेवक नसताना, तयार झालाय. गावातल्या एका माणसाला विचारलेलं नाही.

मामा : प्रशासकांच्या काळाबद्दल तुझा राग मला कळतो. पण माझ्या नोकरीची शेवटची दोन वर्षं त्याच काळात गेली, म्हणून डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो. फाईल वेळेत हलायची. ठेकेदाराचं बिल अडवून माझ्यासमोर तरी कुणी टक्केवारी मागितली नाही. 'माझ्या वॉर्डातलं गटार आधी' म्हणून अभियंत्याच्या टेबलापुढे कुणी ठाण मांडलं नाही. जिथे गरज तिथे काम, असा सरळ हिशेब होता.

भाची : गरज कुणी ठरवली? ठराव मांडणारे तेच, मंजूर करणारे तेच, अंमलात आणणारेही तेच. इतिवृत्तात 'माझा विरोध नोंदवावा' एवढं म्हणणारं कुणी नाही. नगरपालिकेची मुदत पाच वर्षं आणि ती संपायच्या आत निवडणूक व्हायलाच हवी, असं घटनेच्या कलम २४३-यू मध्ये लिहिलंय. आपल्याकडे ओबीसी आरक्षणाचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला, तारखा पडत राहिल्या, शेवटी मे २०२५ मध्ये न्यायालयानेच निवडणुका घ्यायला सांगितलं. तेव्हा कुठे डिसेंबरात २४६ नगरपरिषदा आणि ४२ नगरपंचायतींच्या निवडणुका लागल्या. मधल्या वर्षांत आमच्या गल्लीतल्या बायकांनी पाण्यासाठी कुणाकडे जायचं होतं?

मामा : तक्रार नोंदवायला वही होती.

भाची : वही होती, माणूस नव्हता. साहेबांकडे दोन गावांचा कारभार, निम्मा आठवडा तिकडे. शेजारच्या आक्का तीनदा कचेरीत गेल्या, तिन्ही वेळा 'साहेब मीटिंगला गेलेत' ऐकून परत आल्या. आता त्या पहाटे साडेपाचला माझ्या दाराची कडी वाजवतात. कधी कधी मला झोपेत रागही येतो. पण आपलं म्हणणं ऐकून घेणं जिला भाग आहे असं एक माणूस गल्लीत राहतं, याचा त्यांना केवढा धीर आलाय, ते मी रोज बघते.

मामा : दार उघडलंस हे चांगलंच केलंस. पण आक्कांच्या नळाला पाणी आणायचं तर ते कसं येतं हे तुला पुरतं माहीत हवं. नदीवरच्या जॅकवेलमधून पाणी उपसायचं. ते शुद्धीकरण केंद्रावर आणून तुरटीने गाळ खाली बसवायचा, वाळूच्या थरातून गाळायचं, क्लोरीन सोडायचं. मग दुसऱ्या पंपाने उंच टाकीत चढवायचं. एकच पाणी दोनदा उचलायचं, आणि दोन्हीकडे मोटारी. महिन्याच्या खर्चात पगारांखालोखाल डोळ्यांत भरतं ते या विजेचं बिल.

आणि मग व्हॉल्व्हमन. पहाटे चार वाजता सायकल काढतो. खांद्यावर छातीएवढ्या उंचीची लोखंडी चावी, वर आडवी मूठ. रस्त्यातल्या चेंबरचं झाकण उचलायचं, पावसाळ्यात आत साचलेलं पाणी डब्याने उपसायचं, अंधारात चावी खाली सोडून व्हॉल्व्हवर बसवायची आणि आटे मोजत फिरवायची. कुठल्या व्हॉल्व्हला किती आटे, हे कचेरीतल्या कुठल्याही रजिस्टरात नाही. ते त्याच्या मनगटाला माहीत. नंतर शेवटच्या नळावर ओ. टी. टेस्ट. काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे. पिवळं झालं तर क्लोरीन टोकापर्यंत पोचलं. लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम तरी तिथे उरायला हवं. रंग आला नाही तर मधे कुठेतरी पाइप फुटून गटाराचं पाणी आत शिरतंय की काय, या शोधाला लागायचं. इतकं सगळं रोज होतं तेव्हा तू सकाळी तांब्या भरतेस.

भाची : आट्यांची गंमत मलाही कळायला लागलीय. गेल्या महिन्यात सलग चार दिवस पहाटे उठून मी गल्लीच्या तोंडाशी उभी राहिले. आमच्या गल्लीत एकोणीस घरं. पहिल्या सहा घरांनी नळाला टिल्लू मोटारी लावल्यात. पाणी आलं की आधी मोटारींचा आवाज येतो. आक्कांचं घर शेवटचं. त्यांच्या नळातून पहिली दहा मिनिटं नुसती हवा फुसफुसते, मग करंगळीएवढी धार. आणि पाणीपट्टी सगळ्यांना एकच! दर वाढवा म्हणता, तर आक्कांना कशाबद्दल वाढवून मागू?

मामा : यासाठीच तर मीटर. समज, वर्षाची पाणीपट्टी दीड हजार आहे. दिवसाचे चार रुपये झाले. शहरी पाणीपुरवठ्याचा मापदंड माणशी १३५ लिटरचा, म्हणजे पाच माणसांच्या घराला ६७५ लिटर. मोटार लावून कुणी दोन हजार ओढले तरी चारच रुपये, आणि आक्कांना दोन कळशा मिळाल्या तरी चारच. मीटर आल्याशिवाय हा अन्याय जात नाही. आणि बघ, तेच घर वीस लिटरच्या जारला तीस रुपये देतं. त्यावर कुणी मोर्चा आणत नाही.

भाची : जार ठरल्या वेळी दारात येतो, मामा. लोक पैसे त्या भरवशाचे देतात. नळाचा भरवसा द्या, त्याचेही देतील.

मामा : आणि भरवसा द्यायला आधी पैसे लागतात. हा गुंता सोडवल्याशिवाय तू सभेत जाऊ नकोस. मी नोकरीला लागलो तेव्हा गावाच्या तिन्ही रस्त्यांवर जकात नाके होते. गाडी थांबायची, पावती फाटायची, रोकड कचेरीत यायची. १९९९ मध्ये नगरपालिकांची जकात बंद झाली. ट्रकवाल्यांचा आणि व्यापाऱ्यांचा छळ थांबला, ते बरंच झालं. पण गावाची रोजची कमाई गेली आणि तिच्या जागी सरकारचं सहायक अनुदान आलं. ते लांबलं की सफाई कामगारांचा पगार लांबतो. वित्त आयोगाचं बघ. पंधराव्या आयोगाने २०२१ ते २०२६ साठी आपल्यासारख्या शहरांना दिलेल्या निधीत साठ टक्के बांधलेले, तीस पाण्याला आणि तीस स्वच्छतेला. उरलेले चाळीस मोकळे म्हणायचे, पण त्यातून पगार करता येत नाही. घरपट्टीच्या बिलात शिक्षण कर आणि रोजगार हमी कर दिसतो, तो आपण गोळा करून राज्य सरकारकडे भरतो. मग गावाचं स्वतःचं काय उरलं? घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांचं भाडं, बाजार फी. तू लोकांच्या राज्याचं बोलतेस. ज्या घराचा खर्च दुसरा चालवतो, त्या घरात भाजी कुठली करायची हेसुद्धा तोच सांगतो.

भाची : हे मला पटतं. घटनेच्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांसाठी अठरा विषय लिहिलेत आणि तिजोरीची चावी मुंबईतच राहिली. पण मग वसुली कुणाकडून करायची तेही बोला. मार्चमध्ये नळ कुणाचा तुटतो?

मामा : (बराच वेळ गप्प राहून) तू विचारलंस म्हणून सांगतो. एका मार्चमध्ये आम्हाला टक्का गाठायचा होता. वसुलीचा आकडा रोज संध्याकाळी वर कळवावा लागायचा. शिवणकाम करून घर चालवणाऱ्या एका विधवा बाईचा नळ मी उभं राहून तोडायला लावला. बाकी थोडीच होती. त्याच दिवशी एका मंगल कार्यालयाची तिच्या कितीतरी पट बाकी माझ्या टेबलावर होती. मालक अपिलात गेलाय, असा शेरा मारून मी ती फाईल बाजूला ठेवली. महिना दोन टक्के शास्ती दोघांनाही सारखी चढत होती. बाई कळशी घेऊन विहिरीवर गेली, आणि त्या आठवड्यात कार्यालयात दोन लग्नं लागली. नियमाने माझं काहीच चुकलं नव्हतं. तरी तिच्या नळाचं पाना लावून फिरवलेलं ते तोंड अजून डोळ्यांपुढे येतं.

भाची : त्या दिवशी कचेरीत तिच्या बाजूने बोलणारं कुणी असतं तर?

मामा : तेव्हा नगरसेवक होते. तिच्या वॉर्डाचा माणूस त्या कार्यालयाच्या मालकाबरोबर बसलेला असायचा. म्हणून सांगतो, निवडून आला की माणूस गरिबाचा होतो, असं समजू नकोस. कराची फेरआकारणी दर चार वर्षांनी व्हायला हवी. मी नोकरीत पाहिलं ते हेच, की निवडणूक तोंडावर आली की 'वाढ स्थगित' असा ठराव होतो. टाळ्या पडतात. मग चार वर्षांची वाढ एकदम येते आणि गाव पेटतं.

भाची : हे वरच्या राजकारणालाही लागू आहे. नगराध्यक्ष जनतेने थेट निवडायचा की नगरसेवकांनी आपल्यातून, हा नियम २०१६ ला बदलला, २०२० ला उलटा केला, २०२२ ला पुन्हा फिरवला. दर वेळी गावाला कुणी विचारलं नाही.

मामा : खरंय. म्हणून माझा भरवसा चांगल्या अधिकाऱ्यावर. वेंगुर्ल्याचं उदाहरण घे. बारा हजारांच्या आसपास वस्ती. रामदास कोकरे तिथे मुख्याधिकारी होते तेव्हा कचऱ्याची वीसहून जास्त प्रकारांत वर्गवारी होऊ लागली. ओल्या कचऱ्यातून बायोगॅस, प्लास्टिक बारीक करून डांबरी रस्त्यात. जिथे नाक दाबून जायचे, त्या कचरा डेपोवर लोक फिरायला जाऊ लागले. एका माणसाने मनावर घेतलं म्हणून झालं.

भाची : कोकरे साहेबांचं मोठेपण मी कमी करत नाही. पण ओट्याखाली वेगवेगळे डबे कुणी ठेवले? मासे साफ केलेलं पाणी, नारळाची सोडणं, दुधाच्या पिशव्या, हे रोज हाताने वेगळं कुणी केलं? आणि साहेबांची बदली होते. देशात एक लाखाच्या आतल्या शहरांत स्वच्छ सर्वेक्षणात २०२० ला कराड पहिलं आलं, २०२१ ला विटा, २०२२ ला पाचगणी, २०२३ ला सासवड. चार वर्षांत महाराष्ट्रातली चार वेगवेगळी गावं. एकटे साहेबच कारण असते तर साहेबांच्या बदलीबरोबर पहिला नंबरही महाराष्ट्रातून गेला असता. ते टिकतं, कारण सकाळी घंटागाडी आली की सून दोन डबे घेऊन खाली उतरते.

मामा : बरं, मग पाण्याचं बघू. कराडला लागून मलकापूर आहे. नगरपंचायत असताना, २००९ च्या सुमाराला तिथे चोवीस तास पाणी सुरू झालं. जीवन प्राधिकरणाची योजना, घरोघर मीटर, जास्त वापराला जास्त दर. तेव्हा भल्याभल्यांनी सांगितलं होतं की लोक नळ सोडून ठेवतील. पण चोवीस तास दाब असला की टिल्लू मोटारीचं कामच उरत नाही. उद्या पाणी येईल की नाही ही धास्ती गेली की कुणी पिंपं भरून ठेवत नाही, आणि कालचं शिळं म्हणून सकाळी ओतूनही देत नाही. आपल्या गावात रोज किती पाणी नुसतं शिळं म्हणून गटारात जातं, याचा विचार कर.

भाची : हे मी आक्कांना सांगू शकते. 'दर वाढणार' हे नाही सांगू शकत, पण 'मोटारी जाणार, मोजून पैसे लागणार' हे सांगू शकते. टिपणीत मात्र हे कुठेच नाही. तिथे तीन आकडे आहेत : उत्पन्न, खर्च, तूट.

मामा : टिपणी तशीच लिहितात. मीही तशीच लिहीत आलो. ठराव झाला की कागद पुढे जातो.

भाची : तुम्ही ठरावाला फार हलकं लेखता, मामा. महाडची नगरपालिका आठवा. अस्पृश्यांना सार्वजनिक पाणवठे खुले असावेत, असा बोले यांचा ठराव १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात झाला, आणि १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने आपली तळी खुली करण्याचा ठराव केला. एका लहान गावाच्या नगरपालिकेने! २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकर चवदार तळ्यावर गेले, तेव्हा त्यांच्या पाठीशी तो ठराव होता.

मामा : आणि मधल्या तीन वर्षांत त्या ठरावाने किती ओंजळी भरल्या? कागद कचेरीत पडून होता. पुढचंही सांग ना. ४ ऑगस्ट १९२७ ला त्याच नगरपालिकेने तो ठराव रद्द केला. सभाच होती, मतदानच होतं. शेवटी न्याय दिला तो उच्च न्यायालयाने, १९३७ साली. बहुमताने हात वर झाले म्हणजे बरोबर झालं, असं मी मानत नाही ते याचसाठी.

भाची : मान्य. पण त्या सभेत, तळं ज्यांना बंद होतं त्यांची किती माणसं मत द्यायला बसली होती? पाणी ज्यांनी भरायचं त्या बायका किती होत्या? आज निम्म्या जागा बायकांच्या आहेत, अनुसूचित जातीच्या जागा आहेत. सभा चुकते हे खरं. ज्यांच्यावाचून ती चुकली त्यांना आत आणायला इतकी वर्षं लागली. आणि आत आलो तर तुम्ही म्हणता प्रशासक बरे होते.

मामा : (थांबून) हे मी असं कधी पाहिलं नव्हतं. पण एक विचारतो, रागावू नकोस. निम्म्या जागा बायकांच्या झाल्या आणि सभेच्या दिवशी कचेरीत निम्मे नवरे येऊन बसायला लागले. सही बाईची, बोलणं नवऱ्याचं. मी वर्षानुवर्षं हेच पाहिलं.

भाची : आमच्या घरी पहिल्याच दिवशी ठरलं. मीटिंगला मी जाणार, टिपण्या मी वाचणार. पहिल्या सभेत मला 'अनुमोदक' म्हणून सही करायला सांगितली. मी विचारलं, कशाला अनुमोदन? सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला घाम फुटला होता. पण वाचून मगच सही केली. हे जमायला वेळ लागेल. तुमच्या पहिल्या वर्षीची खतावणीही कुणीतरी तपासून देत असेल.

मामा : हेडक्लार्क द्यायचे. लाल पेनने. (कपाटातून कोरे कागद काढून) बस. नुसता विरोध करू नकोस आणि नुसता हातही वर करू नकोस. उपसूचना मांड. सूचक तू, अनुमोदक एक शोधून ठेव. मजकूर आज लिहू.

भाची : लिहा. 'पाणीपट्टीच्या वाढीस खालील अटींवर मंजुरी द्यावी. एक, मीटर आधी मंगल कार्यालयं, लॉज, हॉटेलं आणि गाड्या धुण्याची सेंटरं यांना बसवावेत.'

मामा : 'बिगरघरगुती नळजोडण्यांना प्राधान्याने' असं लिही. गाडी धुणाऱ्याचं नाव घातलंस की लॉण्ड्रीवाला सुटतो.

भाची : 'दोन, नळाला थेट जोडलेल्या मोटारी आढळल्यास जप्त कराव्यात. तीन, पाणीपट्टीतून किती जमले आणि पाण्यावर किती खर्च झाले, याचा हिशेब दर तीन महिन्यांनी कचेरीच्या फलकावर लावावा. चार, थकबाकी वसुली मोठ्या रकमेपासून सुरू करावी.'

मामा : चौथं कलम मी माझ्या हाताने लिहितो.

भाची : 'पाच, ज्या गल्लीत शेवटच्या नळाला पाणी पोचत नाही तिथे वाढ लागू करू नये.'

मामा : हे टिकणार नाही. वापरानुसार वेगळा दर ठेवता येतो, गल्लीनुसार ठेवलास तर कुणीही जिल्हाधिकाऱ्यांकडे जाईल, आणि कलम ३०८ खाली सगळाच ठराव स्थगित होईल. शिवाय नवं वर्ष एप्रिलला लागतं, दर त्याआधी ठरायला हवा.

भाची : मग आक्कांचं काय? चारही अटी मंजूर झाल्या आणि त्यांची धार करंगळीएवढीच राहिली, तर मी त्यांच्या डोळ्यांना डोळा देऊ शकत नाही. ही अट काढली तर मी वाढीच्या बाजूने हात वर करणार नाही, मामा. मग काहीही होवो.

मामा : (पेन खाली ठेवून) असं कर. अट पाण्याच्या दराला घालू नकोस, कचेरीला घाल. 'प्रत्येक प्रभागातील पहिल्या व शेवटच्या नळास येणाऱ्या पाण्याची दरमहा मोजणी करून तिची नोंद सर्वसाधारण सभेपुढे ठेवावी, व फरक कमी करण्यासाठी केलेली कार्यवाही कळवावी.' जे मोजलं जातं आणि सभेपुढे येतं, त्याचं उत्तर द्यावं लागतं. इतकी वर्षं आम्ही टाकी किती भरली ते लिहिलं. शेवटच्या नळाला किती आलं, हे मी एकदाही कुठल्या रजिस्टरात पाहिलं नाही.

भाची : सभेत कुणी विचारेल, फरक आहे हे कशावरून?

मामा : उद्या पहाटे किती वाजता पाणी येतं तुमच्याकडे?

सोमवारी पहाटे पाचला मी त्यांच्याबरोबर गेलो. अंधारात गल्लीच्या तोंडाशी व्हॉल्व्हमनची चावी फिरत होती. मामांनी तोंडाने काही न बोलता बोटांवर आटे मोजले. पहिल्या घरासमोर भाचीने आपली कळशी नळाखाली धरली, मामांनी मनगटावरचं घड्याळ बॅटरीच्या उजेडात पाहिलं. एक मिनिट वीस सेकंदांत कळशी भरली. आतून मोटारीची घरघर येत होती. तीच कळशी घेऊन आम्ही गल्लीच्या टोकाला आक्कांच्या दारात गेलो. नळ फुसफुसत होता. आक्का पदर खोचून उभ्या होत्या. मामांना पाहून त्यांनी ओळखलं, म्हणाल्या, "तुम्ही वसुलीचे ना? बाकी नाही माझी."

मामा म्हणाले, "बाकी आमचीच आहे, आक्का. जरा थांबतो इथे."

धार आली. भाची उकिडवी बसून कळशी धरून राहिली. आठ मिनिटं झाली, नऊ झाली. उजाडायला लागलं. पाण्याची वेळ किती आणि दर किती होणार, हे तिने आक्कांना बसल्या बसल्याच सांगितलं, काही न लपवता. मोटारी निघाल्या तर काय होईल तेही सांगितलं. आक्कांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "पाणी येऊ दे, मग वाढवा. नाही आलं तर मी कडी वाजवणार." भाची म्हणाली, "वाजवा."

कळशी भरली तेव्हा मामांनी खिशातून उपसूचनेचा कागद काढला, पाचव्या कलमाखाली रिकाम्या जागेत तारीख घातली आणि लिहिलं : पहिला नळ, १ मिनिट २० सेकंद. शेवटचा नळ, ११ मिनिटं. खाली मोजणी करणारा म्हणून सही केली, आणि कागद सूचकाच्या सहीसाठी भाचीपुढे धरला.